फोनवरचा निरोप
(प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



कारखान्यांचा पट्टा पडला, कोयते घरी आले आणि आपला वर्ग पुन्हा भरला. सहा महिन्यांत कोण काय विसरले, कुणाला 'श' आणि 'ष' अजून छळतात, ते आम्ही उद्यापासून बघू. आज पाटी-पुस्तक बाजूला ठेवा. आज आपण आपल्या खिशातल्या फोनविषयी बोलणार आहोत.

फोन वापरू नका असे सांगायला आम्ही आलेलो नाही. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागची पोरे उठून जाणार नाहीत. आपल्या ह्या बालाघाटाच्या डोंगरातून दरसाल माणसे ऊसतोडीला जातात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे जाते, कुणी कर्नाटकात. लेकरे आजीजवळ राहतात. पूर्वी काय व्हायचे? दिवाळीच्या सुमारास गेलेली आई एकदम उन्हाळ्यात दिसायची. मधे मुकादमाचा माणूस गावाकडे आला, तर त्याच्या तोंडी एखादा निरोप. २०१६ सालानंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि हे सगळे बदलले. आता दिवसभर फडात राबून बाई कोपीवर येते, चूल पेटवते आणि फोन लावते. लेकरू समोर दिसते. एक माउली आम्हाला म्हणाली, "पोरीचा पहिला दात पडला, तो मी ह्यातच बघितला." तिला आम्ही फोन वाईट म्हणून कसे सांगावे?

आणखी एक गोष्ट आहे. ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही हा फोन वापरता येतो. बटण दाबून धरले आणि बोलले, की आवाजच पलीकडे जातो. तिकडचा माणूस तसाच आवाज पाठवतो. लिहायला नको, वाचायला नको. म्हणून गेल्या साली दोन-तीन जणांनी आम्हाला विचारलेही, "मग आता वर्गाला येऊन करायचं काय?"

त्या प्रश्नाला तेव्हा आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. नंतर जे घडले, त्यातून उत्तर मिळाले. पण फार महाग मिळाले.

मामा इथेच बसले आहेत. त्यांच्याच परवानगीने सांगतो. "माझं नाव घेऊ नका, पण सांगा," असे ते म्हणाले. मामांना एक बैल विकायचा होता. पुतण्याने बैलाचा फोटो काढला आणि खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी फोन आला. माणूस गोड बोलणारा. म्हणाला, "मी फौजेत आहे. गावाकडे वडिलांसाठी बैल पाहिजे." घासाघीस नाही, काही नाही. सांगितली ती किंमत कबूल! मंडळी, बैलाच्या बाजारात घासाघीस न करणारे गिऱ्हाईक तुम्ही कधी पाहिले आहे का? मामा म्हणतात, तिथेच ओळखायला पाहिजे होते.

तो म्हणाला, "आधी एक रुपया पाठवतो. पोचला का बघा." रुपया आला. मामांचा विश्वास बसला. मग त्याने काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे ते चौकोनी चित्र पाठवले. किराणा दुकानात काचेला चिकटवलेले असते, तसलेच. म्हणाला, "हे स्कॅन करा आणि पिन टाका. पाच हजार विसार तुमच्या खात्यात येईल." मामांनी तसे केले. पाच हजार आले नाहीत, गेले. मामांनी लगेच फोन केला. "अरेरे, चूक झाली," तो म्हणाला. "आता मागचे पाच आणि विसाराचे चार, असे नऊ हजार एकदम पाठवतो. हे दुसरे चित्र घ्या." तेही गेले. चौदा हजार रुपये! ते पैसे उचलीतले होते. मामा-मामींनी पुढे सहा महिने ऊस तोडून ते फेडले आहेत.

आता ऐका. मामांनी पिन टाकला त्याच्या आधी त्यांच्या फोनवर सगळे लिहून आलेले होते. किती रुपये जाणार, ते आकड्यात होते. कुणाच्या नावाने जाणार, ते नाव होते. आणि खाली मोठ्या बटणावर इंग्रजीत 'पे', म्हणजे 'पैसे द्या', असे होते. फोनने काही लपवले नव्हते. पण ते लिहिलेले होते आणि मामा त्या माणसाचे बोलणे ऐकत होते. लिहिलेल्यापेक्षा बोललेल्यावर आपला विश्वास जास्त. जन्मभर तशीच सवय आहे.

आम्हाला फार लागले. कारण मामा आमच्या वर्गाचे. दोन हंगाम ते इथे येत होते. आम्ही त्यांना 'कमळ' शिकवले, 'बदक' शिकवले. बदक ह्या डोंगरात कुणी पाहिले आहे? पण जो शब्द त्यांच्या खिशात रोज उजळत होता, तो आम्ही त्यांना शिकवला नव्हता. ती चूक आमची. म्हणून ह्या खेपेला फळ्यावर पहिला शब्द तोच असणार.

तेव्हा एक गोष्ट आज घट्ट धरा. चौकोनी चित्र स्कॅन करून पिन टाकायचा तो पैसे द्यायला. पैसे घ्यायला पिन लागत नाही. खात्यात किती शिल्लक आहे ते बघायला लागतो, दुसऱ्याला पैसे द्यायला लागतो. पण कुणी तुम्हाला पैसे पाठवत असेल, तर तुम्ही नुसते बसून राहा, बिडी ओढा, पैसे आपोआप येतात. "पैसे घ्यायला पिन टाका" असे कोणी म्हणाले, की तो चोर. मग तो फौजेतला असो की मंत्रालयातला.

आता थोडे मागे जाऊ. हा निरोप जातो तरी कसा, ते बघू. ते समजले म्हणजे बाकीचे सोपे जाते.

पुष्कळांना वाटते, निरोप आकाशातून जातो. थोडाच रस्ता तसा आहे. तुमच्या फोनपासून डोंगरावरच्या टॉवरपर्यंत तो हवेतून जातो. त्यापुढे बहुतेक ठिकाणी जमिनीखालच्या तारांतून. ह्या तारा तांब्याच्या नव्हेत, काचेच्या. केसासारखी बारीक काच असते आणि तिच्यातून उजेड धावतो. त्या उजेडाच्या उघडझापीत तुमचा निरोप असतो. दुबईला पोरगा कामाला असेल, तर त्याला पाठवलेला निरोप समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारेतून जातो. मुंबईला वर्सोव्याच्या किनाऱ्यावर अशा तारा समुद्रातून वर येतात. मधे मोठमोठ्या यंत्रांची कोठारे असतात. तिथे निरोप घटकाभर थांबतो आणि पुढे जातो. पोष्टातही तसेच असते. पत्र इथून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, मग पुढे.

पोष्टात पत्रांचे दोन प्रकार असतात. एक उघडे कार्ड आणि एक बंद पाकीट. कार्ड कुणीही वाचावे. पूर्वी पोष्टमन घरी येण्याआधीच बातमी गावभर व्हायची, ती त्यामुळेच. फोनवर जो साधा एसेमेस येतो, तो कार्डासारखा. व्हॉट्सॲपचा निरोप बंद पाकिटासारखा. २०१६ सालापासून तिथल्या निरोपांना अशी कुलपे आहेत, की एक किल्ली पाठवणाऱ्याच्या फोनात आणि एक घेणाऱ्याच्या फोनात. मधल्या कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. कोणी कोणाला निरोप पाठवला, केव्हा पाठवला, हे मात्र कंपनीला कळते. पाकिटावरचा पत्ता पोष्टाला दिसतोच की!

इथे पुष्कळ शहाणीसुरती माणसे फसतात. त्यांना वाटते, कुलूप आहे म्हणजे निरोप खरा. तसे नाही. कुलूप एवढेच सांगते, की वाटेत कुणी पाकीट फोडले नाही. पाकीट लिहिणारा कोण, तो सज्जन की लबाड, हे कुलूप सांगत नाही. चोरानेही पाकीट चिकटवले, तर ते बंदच राहणार.

आणि फोटोचे काय? निरोपाच्या बाजूला गोल फोटो असतो. तुमच्या जावयाचा फोटो दिसतो आणि खाली लिहिलेले असते, "माझा हा नवा नंबर. दवाखान्यात आहे. दहा हजार पाठवा." फोटो जावयाचा खरा. पण तो फोटो त्याने स्वतःच जगाला दाखवायला लावलेला असतो. तो कुणालाही उचलता येतो. बोर्डावर पाटलांचे नाव लिहिले म्हणून आत पाटीलच बसलेले असतील असे नाही. अशा वेळी नव्या नंबरावर बोलू नका. जुन्या, रोजच्या नंबरावर फोन लावा. जावई बहुतेक घरी जेवत बसलेला असतो.

आता तर यंत्राने माणसाच्या आवाजाची नक्कलही करता येते. थोडासा आवाज सापडला, की त्यावरून दुसरेच बोलणे तयार होते. म्हणून घरात एक खूण ठरवून ठेवा. "आपल्या कपिलेला खोंड झाला का कालवड?" एवढे विचारले तरी पुरे. यंत्राला ते ठाऊक नसते.

नंबरावरून आठवले. कधीकधी तुमच्या फोनवर सहा आकडे येतात. त्यालाच ओटीपी म्हणतात. ओटीपी म्हणजे एकदाच लागणारी किल्ली. मागून फोन येतो, "काकू, माझा नंबर चुकून तुमच्याकडे आला, जरा सांगा ना." कधी ओळखीच्याच माणसाच्या नावाने निरोप येतो. मंडळी, तो नंबर चुकून आलेला नसतो. तो तुमच्याच व्हॉट्सॲपची किंवा तुमच्याच खात्याची किल्ली असतो. तुम्ही सांगितला, की तुमचे व्हॉट्सॲप त्याच्या फोनात उघडले. मग तो तुमच्या नावाने तुमच्या भावांकडे पैसे मागतो. त्या आकड्यांच्या शेजारीच लिहिलेले असते, की हा कुणाला सांगू नका. पण बहुतेक बँका ते इंग्रजीत लिहितात. ह्याचा आम्हाला मनापासून राग आहे. ज्या माणसाचे पैसे, त्याला कळेल अशा भाषेत सावधगिरीची सूचना नको? तोवर आपण एवढे करू. इंग्रजीतली ओ, टी, पी ही तीन अक्षरे चित्रासारखी ओळखायला शिकू. ओ म्हणजे पूर्ण वाटोळे. टी म्हणजे खांबावर आडवी फळी. पी म्हणजे काठीच्या डाव्या बाजूला नव्हे, उजव्या बाजूला वर पोट. ही तीन दिसली, की तोंड बंद.

लग्नसराईत आणखी एक सोंग येते. ओळख ना देख आणि लग्नाची पत्रिका! उघडायला गेले, की फोन विचारतो, "हे बसवू का?" खरी पत्रिका म्हणजे चित्र असते किंवा कागद असतो. ती फोनात 'बसवावी' लागत नाही. जी बसवावी लागते, ती पत्रिका नव्हे, तो घरात शिरणारा माणूस. तो आत बसून तुमचे ओटीपी वाचतो. अशा वस्तूच्या नावाच्या शेवटी इंग्रजीत 'एपीके' असते. पत्रिकेशिवाय लग्नाला गेले तरी जेवायला मिळते. उघडू नका.

इथवर पैशाचे झाले. पैसा गेला तर पुन्हा राबून मिळवता येतो. आता जे सांगणार आहोत, ते पुन्हा मिळवता येत नाही.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८ हा रविवार, आठवड्याच्या बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची पाच माणसे तिथे आली होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची. गावोगाव फिरून भिक्षा मागणे, हे त्यांचे पिढीजात काम. त्या दिवसांत त्या भागात फोनाफोनांवर निरोप फिरत होते, की मुले पळवणारी टोळी आली आहे. लोकांनी ह्या पाच जणांना तेच समजले. ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारले. पाचही जण मेले. त्यांनी कुणाचे मूल पळवलेले नव्हते.

ह्या डोंगरातही आपण परमुलखात जाणारी माणसे आहोत. परक्या गावाच्या पारावर पाणी पिणारी. त्या दिवशी त्या जागी आपल्यातले कुणी असते, तर? आम्ही हा प्रश्न ज्या ज्या वर्गात विचारला, तिथे सगळे गप्प झाले.

त्या सुमारास देशभर फिरलेल्या अफवांत एक चित्रफीत होती. मोटरसायकलवर दोघे येतात, रस्त्यावर खेळणारे पोर उचलतात आणि पळून जातात. बघणाऱ्याचे रक्त उसळावे अशी. पण ती आपल्या देशातली नव्हतीच. पाकिस्तानात कराची शहरात मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने आईबापांना सावध करायला ती बनवली होती. मूळ चित्रफितीत ते दोघे परत येतात, पोराला सोडतात आणि हातात फलक धरतात. कराचीत मूल पळवायला क्षणभरही पुरतो, असे त्यावर लिहिलेले असते. कुणीतरी तो शेवट कापला आणि उरलेले पुढे पाठवले. जे लिहिलेले होते, तेच कापले. बघा म्हणजे झाले!

राईनपाड्यासारख्या घटना त्या साली देशात ठिकठिकाणी घडल्या. सरकारने कंपनीला जाब विचारला. जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपने आपल्या देशात नियम केला, की आलेला निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल. २०१९ मध्ये तो नियम साऱ्या जगाला लागू केला. एप्रिल २०२० पासून फार हातांतून आलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. आणि असा निरोप ओळखायची खूणही आहे. त्याच्या माथ्यावर बाण असतो. एक बाण म्हणजे हा निरोप पाठवणाऱ्याने लिहिलेला नाही, दुसऱ्याचा पुढे ढकलला आहे. दोन बाण म्हणजे तो फार हातांतून फिरून आला आहे. तुमच्या साडूने पाठवला असला, तरी तो साडूचा शब्द नव्हे. साडूलाही तो दुसऱ्या कुणाकडून आला. पहिला कोण, ते साडूलाही ठाऊक नाही.

म्हणून दोन बाण दिसले, की आधी साडूला फोन करा. विचारा, "तुम्ही हे डोळ्यांनी पाहिलं का?" नाही म्हणाला, तर तो निरोप तुमच्या फोनात मेला पाहिजे. पुढे पाठवला, तर तुम्हीही त्या गर्दीत उभे आहात. इतके कठोर बोलू नये असे आमच्यातल्या एकाला वाटत होते. बाकीच्यांना वाटले, बोलावे.

गावाच्या ग्रुपाविषयी दोन शब्द. ग्रुपवर बोलणे म्हणजे चावडीवर बोलणे. ओट्यावर शेजारणीशी बोलतो, ते चावडीवर बोलत नाही. पण फोन हातात एकटाच असतो, त्यामुळे चावडी दिसत नाही. एका बाईने जावेविषयी दोन शब्द बहिणीला पाठवायचे ते ग्रुपवर पाठवले. पुढे काय झाले ते तुम्हाला ठाऊकच आहे. पाठवलेले सगळ्यांच्या फोनातून पुसता येते. निरोपावर बोट दाबून धरले, की 'सर्वांसाठी हटवा' असे येते. सुमारे अडीच दिवसांपर्यंत ते चालते. पण तोवर कुणी वाचले, कुणी त्याचा फोटो काढून ठेवला, तर ते पुसले जात नाही. आणि सकाळी सकाळी फुलांची चित्रे पाठवणाऱ्यांना एकच विनंती. फोन भरून जातो हो! दिवाळी-दसऱ्याला पाठवा.

एक शेवटचे सोंग राहिले. चित्रातल्या फोनवर पोलिसाचा वेष घालून माणूस येतो. म्हणतो, "तुमच्या नावाच्या पार्सलात अफू सापडली. तुम्हाला फोनवरच अटक झाली आहे. फोन ठेवायचा नाही. घरच्यांना सांगायचे नाही." ह्याला 'डिजिटल अटक' म्हणतात. फोनवर अटक करण्याची तरतूद आपल्या कायद्यात कुठेही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही रेडिओवरून हे सांगितले होते. ह्यात शिकली-सवरली, पेन्शन घेणारी माणसे लाखांनी बुडाली. "घरच्यांना सांगू नका" ह्या तीन शब्दांतच सगळे कपट आहे. माणूस एकटा पडला, की घाबरतो. तुम्ही फोन ठेवा आणि शेजाऱ्याला हाक मारा.

तरीही फसलोच तर? मामा फसले त्या दिवशी ते आधी बँकेत गेले. बँकेने पोलिसांकडे जायला सांगितले. तोवर संध्याकाळ झाली. त्यांनाही ठाऊक नव्हते आणि आम्हालाही ठाऊक नव्हते, की त्याच क्षणी १९३० हा नंबर लावायचा असतो. हा नंबर साऱ्या देशासाठी एकच आहे. तिथून बँकांना कळवतात आणि चोराच्या खात्यात पैसे अजून असले, तर तिथेच अडकवून ठेवतात. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात हलवत असतो. म्हणून लाजत बसायला वेळ नसतो. मामा म्हणतात, "मी दोन तास तर बांधावर नुसता बसून होतो. तोंड दाखवायची लाज वाटली." ते दोन तास चोराच्या कामी आले.

हा नंबर आम्ही भिंतीवर लिहिला आहे. आपल्या आकड्यांतही लिहिला आहे आणि इंग्रजी आकड्यांतही, कारण फोनवर इंग्रजीच असतात. दोन्ही लिहून घ्या.

आता भाषण पुरे. फोन काढा. आज प्रत्येकाच्या फोनची भाषा मराठी करायची आहे, म्हणजे 'पे' च्या जागी आपल्याला वाचता येईल असे काही दिसेल. सगळी ॲपे ऐकतील असे नाही, पण पुष्कळ ऐकतात. मग एकमेकांना एक एक रुपया पाठवून बघायचा. पिन टाकण्याआधी पडद्यावर जे लिहिलेले असेल, ते मोठ्याने वाचायचे, नावासकट आणि आकड्यासकट. पिन मात्र मोठ्याने नाही! घाई नाही. अडखळले तरी चालेल. पोरांनी मधे बोलायचे नाही, कुणाच्या हातातून फोन घ्यायचा नाही.

मामा, तुमच्यापासून सुरुवात करू. चष्मा आणलाय ना?